जुनाट दुखणं : कोणत्या वयात नेमकं काय चुकतं?

पाठकणा

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा सारखं उलटून येणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं. ही मुदत सगळ्या वयांना सारखीच. बाकी जवळजवळ सगळं वयाबरोबर बदलतं: दुखणं सांगायची रीत, मोजायची पट्टी, औषधाचा डोस आणि मुख्य म्हणजे आजूबाजूच्यांच्या हातून होणारी चूक. लहान मुलाचं दुखणं 'नाटक' ठरतं, वयात आलेल्या मुलीचं 'पाळीत दुखतंच', चाळिशीतल्या माणसाचं एमआरआयच्या कागदावर ढकललं जातं आणि म्हाताऱ्या माणसाचं 'वय झालं' या दोन शब्दांत संपतं. शिक्का बसला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे शिक्के फक्त घरात बसतात असंही नाही. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत, कारण एवढ्या लहान जिवाला दुखत नसावं असा डॉक्टरांचाच समज होता. १९८७ साली के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत फेन्टानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली १९७९ ची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं: बोलून सांगता येत नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. हे वाक्य तान्ह्या बाळाला जितकं लागू, तितकंच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आजोबांना.

प्रतिसादांत मापं, दिवस, डोस, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. 'आमच्याकडे एकदा असं झालं' हे प्रकार या धाग्यावर नकोत. डोसचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत, स्वतःवर प्रयोग करण्यासाठी नाहीत.

चिमणपाऊल

मुलांपासून सुरुवात करते.

आधी मोजणं. साधारण ८ वर्षांच्या पुढचं मूल ० ते १० आकडा बऱ्यापैकी खरा सांगतं. ४-५ वर्षांपासून चेहऱ्यांची पट्टी चालते: सहा चेहरे, ०, २, ४, ६, ८, १०. ती दाखवताना 'तू किती उदास आहेस' असं विचारायचं नाही, 'या चेहऱ्याला किती दुखतंय, तुझं यातलं कुठलं' असं विचारायचं. नाहीतर मूल मनःस्थिती सांगतं, दुखणं नाही. त्याहून लहान मुलाचं वागणं पाहून गुण द्यायचे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०.

संध्याकाळी-रात्री पाय दुखतात, ही ३ ते १२ वर्षांतली नेहमीची तक्रार. साधं 'वाढीचं दुखणं' असेल तर दोन्ही पाय दुखतात, पोटऱ्या, नडग्या किंवा मांड्या दुखतात (सांधा नाही), चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. यातली एक जरी गोष्ट जुळली नाही तरी हा शिक्का मारू नका. रोज एकच पाय, लंगडणं, सांध्यावर सूज, ताप, वजन घटणं, झोपेतून उठवणारं वाढत जाणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर तपासणी हवीच.

सगळ्यात जास्त निसटतो तो मुलांचा संधिवात, कारण ही मुलं पुष्कळदा 'दुखतंय' म्हणतच नाहीत. सकाळी उठल्यावर मूल ताठ चालतं, उचलून घ्या म्हणतं, जिना एकेक पाय टेकत उतरतं आणि दुपारपर्यंत मोकळं होतं. डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ घेतली तर त्यांना धावणारं मूल दिसतं! म्हणून सकाळचा मोबाइलवरचा ३० सेकंदांचा व्हिडिओ न्या. १६ वर्षांखाली एखादा सांधा ६ आठवड्यांहून जास्त सुजलेला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर हे निदान धरतात. त्यात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यंत्राखाली तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते.

आणखी एक. मूल गुडघा दुखतो म्हणालं आणि गुडघ्यात काही सापडलं नाही तर खुबा तपासला गेलाच पाहिजे. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. वाढीच्या वयात खुब्याच्या हाडाचं टोक सरकण्याचा एक आजार आहे, त्यात नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो आणि आठवडे फुकट जातात.

शंकासुर

पोटदुखीचं काय? शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, याला नाटक नाही तर काय म्हणायचं?

चिमणपाऊल

@शंकासुर, दुखणं. आतडं आणि मेंदू यांच्यात दोन्ही बाजूंनी तारा जोडलेल्या आहेत. ताण आला की आतड्याची हालचाल बदलते आणि आतून येणारे साधे संदेशही मोठ्याने ऐकू येतात. महिन्यातून निदान ४ वेळा, असं किमान २ महिने चाललं आणि तपासणीत दुसरं काही निघालं नाही, की त्याला कार्यात्मक पोटदुखी म्हणतात. रोगाचं नाव आहे ते, आरोप नाही.

आतड्याचा खरा बिघाड शोधायला लावणाऱ्या खुणा: वजन किंवा उंची वाढायची थांबणं, शौचात रक्त, गाढ झोपेतून उठवणारं दुखणं, हिरव्या किंवा सतत उलट्या, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, घरात कुणाला आतड्याचा सुजेचा आजार. यातलं काही नसेल तर तपासण्यांची रांग लावून उलट नुकसान होतं, मुलाला वाटतं की आत काहीतरी भयंकर आहे.

करायचं काय? बद्धकोष्ठ आधी काढा, निम्म्या वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं. रोज जेवणानंतर ५ ते १० मिनिटं शौचाला बसवायचं, पाय अधांतरी नकोत, खाली पाट ठेवायचा. 'दुखतंय का?' हा प्रश्न मोठ्यांनी विचारायचा नाही. मुलाने सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि पुढच्या कामाला लावायचं. शाळा बुडू द्यायची नाही. बुडालीच असेल तर पहिल्या आठवड्यात रोज २ तास, दुसऱ्यात अर्धा दिवस, तिसऱ्यात पूर्ण, आणि दुखलं तर १० मिनिटं बसायची जागा शाळेशी आधीच ठरवून ठेवायची. 'पूर्ण बरं वाटलं की जाईल' असं ठरवलं तर वर्ष जातं.

गोळीमोजणी

औषधाच्या बाजूने भर घालतो. मुलांच्या पॅरासिटामॉलचा हिशेब वयावर नाही, वजनावर. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसमध्ये ४ ते ६ तास, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस.

गफलत होते ती बाटलीत. १६ किलोच्या मुलाला १५ च्या हिशेबाने २४० मिग्रॅ लागतात. ५ मिलित १२० मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर ते १० मिलि. ५ मिलित २५० वालं असेल तर ४.८ मिलि. आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतील, १ मिलित १०० मिग्रॅवाले, तर फक्त २.४ मिलि. '१० मिलि द्यायचं' एवढंच डोक्यात राहिलं आणि हातात थेंबांची बाटली आली, तर पोटात १००० मिग्रॅ गेले, म्हणजे चौपट. त्यामुळे लक्षात ठेवायचे ते मिग्रॅ, मिलि नव्हे. आणि चमच्याने नाही, सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचं.

१६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन डॉक्टरांनी खास कारणासाठी सांगितल्याशिवाय नाही, आणि १२ वर्षांखाली कोडीन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) नाहीच. काही मुलांच्या यकृतात कोडीनचं मॉर्फिन इतक्या वेगाने होतं की श्वास मंदावतो. आणि हो, कार्यात्मक पोटदुखीला किंवा वाढीच्या दुखण्याला रोज पॅरासिटामॉल हा उपाय नव्हे.

निवांत

छान चाललाय धागा. वयात येणाऱ्या मुलामुलींबद्दल कुणीतरी लिहा. डोकेदुखी आणि पाळी, दोन्ही.

गोळीमोजणी

डोकेदुखीचं मी सांगतो, कारण त्यातला निम्मा घोळ आम्हा औषधवाल्यांच्या काउंटरवर होतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची गोळी), ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवते. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. एका दिवशी तीन घेतल्या तरी तो एक दिवस, आणि रोज अर्धी घेतली तरी ते ३० दिवस. कॅलेंडरवर डोकं दुखल्याच्या दिवशी गोल आणि गोळी घेतल्याच्या दिवशी फुली, बस्स. दोन महिन्यांचं असं पान डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतं.

गोळी थांबवल्यावर पहिले २ ते १० दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी माणूस हमखास परत गोळी घेतो आणि म्हणतो, 'बघा, गोळीशिवाय भागत नाही.' परीक्षेच्या आठवड्यात थांबवायला जाऊ नका. ओपिऑइड किंवा झोपेची औषधं मिसळलेली गोळी असेल तर एकदम थांबवायचीच नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची.

मुक्तछंदा

पाळीचं मी लिहिते. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं ते तयार होणंच रोखतात. म्हणून कळ असह्य झाल्यावर घेतलेली गोळी अपुरी पडते, कारण तोवर माल तयार झालेला असतो. स्राव सुरू होताच, किंवा तारीख पक्की असेल तर आदल्या दिवशी, सुरू करायची आणि २-३ दिवस घड्याळ लावून, खाऊन झाल्यावर घ्यायची. मोठ्यांमध्ये आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा हा नेहमीचा डोस. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा या गोळ्यांनी दमा उठत असेल तर नाही. ओटीपोटावर साधारण ४० अंशांचा शेक सतत ठेवला तर त्याचाही चांगला उपयोग होतो. फक्त तो पाच मिनिटांचा नको, काही तासांचा हवा.

आता महत्त्वाचं. अशी नीट घेतलेली गोळी तीन पाळ्यांत उपयोगी पडली नाही तर 'सहन कर' हा सल्ला बाद. पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणं, शौचाला किंवा लघवीला जाताना पाळीच्या दिवसांत कळ येणं, संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं, दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडणं, हे एन्डोमेट्रिओसिसकडे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतं. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाही असं सिद्ध होत नाही. पातळ चट्टे सोनोग्राफीत दिसत नाहीत. हे वाक्य मुलींच्या आयांनी फ्रिजवर लावून ठेवावं असं आहे.

पाठकणा

मधल्या वयाकडे येतो. इथे सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा एमआरआयवर जातो, म्हणून आकडेच देतो. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. २० वर्षांच्या वयोगटात ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ८० च्या वयोगटात ९६ टक्के. चकती फुगल्याचं प्रमाण २० व्या वर्षी ३०, तर ८० व्या वर्षी ८४ टक्के. थोडक्यात, रिपोर्टमधलं 'झीज' म्हणजे बहुतेक वेळा डोक्यावरचे पांढरे केस. दुखणाऱ्या माणसाच्याही पाठीत ती दिसणारच, म्हणून तीच कारण असं नाही.

एमआरआय तातडीने लागतो तो वेगळ्या खुणांसाठी: जांघेत आणि गुदद्वाराभोवती, म्हणजे खोगीर टेकतं त्या भागात, बधिरपणा येणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. यात तासांचा हिशेब असतो, थेट इस्पितळ गाठायचं. कॅन्सर होऊन गेलेला असणं, ताप, मोठा मार किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेलं असणं, यांतही थांबायचं नाही.

आणि एक पाठदुखी तरुणांची, जी वर्षानुवर्षं 'बसून बसून होते' म्हणून सोडली जाते. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं अंग, पहाटे उठवणारी, कधी डावा तर कधी उजवा कुल्ला दुखणारी. तिची खरी ओळख म्हणजे आराम केला की वाढते आणि चाललं-फिरलं की कमी होते. साधी पाठदुखी बहुतेकदा नेमकी उलट वागते. ही मणक्यांच्या सुजेची पाठदुखी, हिला संधिवाताचे डॉक्टर लागतात.

निवांत

आराम की हालचाल, हा वाद मिटवा बुवा एकदाचा. आराम केला तर म्हणता अंग आखडतं, हालचाल केली तर दुसऱ्या दिवशी उठवत नाही.

मुक्तछंदा

@निवांत, दोन्ही खरं आहे. वाद आराम की हालचाल असा नाहीच, किती हा आहे. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची, मग दोन दिवस आडवं पडायचं, परत बरं वाटलं की परत तेच. प्रत्येक फेरीत शरीर थोडं आणखी कमकुवत होतं आणि मज्जासंस्था थोडी आणखी चिडकी. फिजिओथेरपीत या फेरीतून बाहेर काढायची रीत आकड्यांवर चालते.

चालण्याचं उदाहरण घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक वाईट दिवस असलाच पाहिजे, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते लिहा. समजा १२, ७ आणि ११. सरासरी १०. त्याचे ८० टक्के म्हणजे ८ मिनिटं, ही पायरी. आता आठवडाभर रोज ८ मिनिटं. वाईट दिवशी ८ आणि चांगल्या दिवशीही ८. पुढच्या आठवड्यात साधारण १० टक्के वाढ, म्हणजे ९. थांबायचं ते घड्याळ सांगेल तेव्हा, दुखणं सांगेल तेव्हा नाही. सगळ्यात अवघड काय असतं माहीत आहे? चांगल्या दिवशी आठव्या मिनिटाला थांबणं. लोक तिथेच हरतात, वाईट दिवशी नाही.

किती दुखलेलं चालेल, याचा नियम: व्यायामात १० पैकी ४-५ पर्यंत गेलं तर हरकत नाही, पण २४ तासांत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर वेळ किंवा वजन एक पायरी खाली. व्यायाम बंद नाही. हाच हिशेब भांडी घासणं, खुर्चीत बसणं, टायपिंग, सगळ्याला लागतो.

आणि दुखणं उसळतं त्या दिवसांचा कागद आधीच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही. पहिले दोन दिवस व्यायाम निम्मा, शेक २० मिनिटं, कोणतं काम कुणाकडे ढकलायचं, कोणती गोळी किती, आणि तिसऱ्या दिवसापासून पायरी कशी परत चढायची.

शंकासुर

मग गोळ्यांचं काय? एवढं चालायचं, मोजायचं, त्यापेक्षा चांगलं औषध नाही निघालं अजून?

गोळीमोजणी

@शंकासुर, खोचक आहे पण प्रश्न रास्त आहे. आधी दुखण्याची जात ओळखावी लागते.

सांधा, स्नायू, हाड यांचं दुखणं एक. दुसरं नसेचं: आग होणं, विजेसारखी चमक, मुंग्या, कपडा लागला तरी झोंबणं, आणि त्याच जागी बधिरपणा. तिसऱ्या जातीत इजाही सापडत नाही आणि नसही खराब नसते, पण मेंदू-मज्जारज्जूतला आवाजच वाढलेला असतो. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, यातलं. या तिसऱ्या जातीला २०१७ पासून नोसिप्लास्टिक असं स्वतंत्र नाव आहे.

नसेच्या आणि तिसऱ्या जातीच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात तर, दुसरं कारण न सापडलेल्या जुनाट दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी औषधं, ओपिऑइड आणि गॅबापेन्टिन-प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची औषधं सुरूच करू नका असं म्हटलंय. विचार करण्यासारखी म्हणून डुलोक्सेटीन, अमिट्रिप्टिलीनसारखी नैराश्यावरची काही औषधं ठेवली आहेत. चिठ्ठीवर ते नाव पाहून लोक बिथरतात, 'डॉक्टर मला वेडं समजतात' म्हणून. तसं नाही. मज्जारज्जूत वरून खाली वेदनेचा आवाज कमी करणारी यंत्रणा आहे, ही औषधं तिला बळ देतात, आणि दुखण्यासाठीचा अमिट्रिप्टिलीनचा डोस नैराश्याच्या डोसपेक्षा बराच कमी असतो.

सुरुवात साधारण १० मिग्रॅ रात्री. अगदी झोपताना घेतली तर गुंगी सकाळी उरते, म्हणून दोनेक तास आधी. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ पहिल्या आठवड्यातच येतं, गुण मात्र ४ ते ६ आठवड्यांनी कळतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर! हे न सांगितल्यामुळेच निम्मे लोक दहाव्या दिवशी बंद करतात. काचबिंदू, लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचा दोष असेल तर आधी सांगायचं. गॅबापेन्टिन-प्रीगॅबालिन चालू असेल तर ते मनाने एकदम तोडायचं नाही, झटके येऊ शकतात.

अपेक्षा किती ठेवायची? दुखणं ३० टक्के उतरलं, किंवा १० च्या पट्टीवर २ घरं खाली आलं, तर औषध कामाचं मानतात. ७ वरून ५. शून्य नाही. तेवढं उतरल्यावर पायऱ्या चढता येतात, आणि मुक्तछंदा म्हणतात ते चालणं जमायला लागतं.

निवांत

गरोदरपणात यातलं काय चालतं?

मुक्तछंदा

थोडक्यात: जांघेचं आणि माकडहाडाजवळचं दुखणं असेल तर गुडघे जुळवून कूस बदलायची, एका पायावर उभं राहून कपडे घालायचे नाहीत, जिना एकेक पायरीने. पट्टा कमरेवर नाही, खुब्यांच्या पातळीवर बांधायचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळायच्या. बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होतं आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. आधीपासून नसांची औषधं चालू असतील तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं, राहिल्यावर घाबरून बंद करायची नाहीत.

चौथाप्रहर

उशिरा आले धाग्यावर. वृद्धांच्या शुश्रूषेतलं लिहिते. ते जास्त लिहावं लागतं, कारण तिथे 'वय झालं' हे उत्तर सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

पहिली गोष्ट, म्हातारी माणसं 'दुखतं' हा शब्द टाळतात. विचारलं तर नाही म्हणतात. 'ठणकतं का, जड वाटतं का, आखडतं का, झोंबतं का' असं विचारा. आणि बसलेल्या माणसाला विचारू नका, उठताना विचारा.

डिमेन्शिया असेल तर विचारण्यावर भिस्त ठेवता येत नाही, बघावं लागतं. पाच गोष्टी, प्रत्येकी ० ते २: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं. बघायची वेळ महत्त्वाची. खाटेवर पडलेल्या आजींचे गुण शून्य येतील. पायमोजा घालताना टाच उचलली की बघा: कपाळाला आठी, ओठ घट्ट, हाताने चादर आवळलेली, आणि तुमचा हात ढकलणं. याला कागदावर 'अंघोळीला विरोध करतात, चिडचिड' असं लिहिलं जातं आणि गुंगीचं औषध सुरू होतं. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला. त्यात निम्म्या गटाला ८ आठवडे पायरीपायरीने दुखण्याचे उपचार दिले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच. चिडचिड सरासरी १७ टक्के उतरली. रोज ठरल्या वेळेला दिलेलं पॅरासिटामॉल, आणि अंघोळ डोस दिल्यावर तासाभराने. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. वजन ५० किलोखाली असेल तर डोस कमी करून घ्यायचा, हे विसरलं जातं.

दुसरी गोष्ट, पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे एकदमच आखडले, सकाळी पाऊण तास हात डोक्यापर्यंत जात नाही, तर ती झीज नव्हे. झीज इतकी अचानक, दोन्हीकडे सारखी येत नाही. रक्तातली सूज तपासून घ्या, पॉलिमायल्जिया (खांदे-खुब्यांभोवतीचा सुजेचा आजार) निघाला तर स्टेरॉइडच्या लहान डोसने काही दिवसांत माणूस उठून बसतो. त्याच वयात नव्याने कानशिलात दुखणं, केस विंचरताना डोकं हुळहुळणं, चावताना जबडा दमणं, नजर अंधुक होणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळा कायमचा जाऊ शकतो.

तिसरी, नागीण. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आवरतो. पुरळ गेल्यावर तीन महिन्यांनीही आग राहिली तर ते नसेचं दुखणं, वर गोळीमोजणींनी लिहिलंय त्या जातीचं. त्यावर लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी मिळते. न फुटलेल्या, जखम नसलेल्या कातडीवरच लावायची, २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास. लस ५० नंतर, दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने.

गोळीमोजणी

वृद्धांच्या गोळ्यांत एक त्रिकूट घातक आहे: नाव 'प्रिल' किंवा 'सार्टान'ने संपणारी रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात भर म्हणून गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक. तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळतात. जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडलं, की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) चढतंच.

म्हणून गुडघ्याला आधी मलम. १ टक्का डायक्लोफेनॅक जेलचा डोस गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चारदा. ४ ग्रॅम म्हणजे सोबतच्या मापाच्या पट्टीवर सुमारे ११ सेंमीची रेघ. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात जेलने काही होत नाही. वर शेक किंवा घट्ट पट्टी नको, लावल्यावर हात धुवायचे, आणि दोन आठवडे नियमित लावल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

मोठं ओपिऑइड द्यावं लागलं तर रेचक पहिल्या दिवसापासून. मळमळ काही दिवसांत सरते, बद्धकोष्ठ सरत नाही. आणि अमिट्रिप्टिलीन म्हाताऱ्या माणसांना शक्यतो नको: गोंधळ, पडणं, लघवी अडणं.

शंकासुर

गुडघा झिजला म्हटल्यावर चालणं कमी करायला नको? टायर झिजला तर गाडी कमी चालवतो आपण.

मुक्तछंदा

टायर स्वतःला दुरुस्त करत नाही, सांधा काही प्रमाणात करतो, आणि त्याला ते करायला भार लागतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो, सुटतो, त्या पंपानेच तिला पोषण मिळतं.

मांडीचा पुढचा स्नायू हा गुडघ्याचा शॉक-ॲब्सॉर्बर. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघा खाली दाबा, ५ सेकंद धरा, १० वेळा. श्वास रोखायचा नाही. ते सोपं झालं की खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, ५ ने सुरुवात. बसताना धपकन नको, तीन मोजत खाली. खरा व्यायाम बसण्यातच आहे. फरक ६ ते १२ आठवड्यांनी दिसतो. वजनाचा हिशेब तर फारच उदार आहे: १ किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकत्र पुढे. उंची: नेहमीचे बूट घालून सरळ उभं राहा, हात बाजूला सैल, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं, १५ ते ३० अंश. उंच काठीने खांदा चढतो, बुटकीने माणूस पुढे वाकतो आणि पाठदुखी वेगळी लागते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आणि काठी आधी.

निवांत

काठीच्या खालच्या रबराचं काय? ते गुळगुळीत झालंय की नाही कसं ओळखायचं?

चौथाप्रहर

काठी उलटी करून बघा. रबराच्या तळाला गोल खाचा असतात. त्या एका बाजूने पुसट झाल्या असतील, रबराला चीर गेली असेल किंवा आतला धातू टोचत असेल तर बदला. एकाच बाजूने झिजत असेल तर काठी तिरकी टेकली जातेय, मग उंची परत मोजा. रबर घेताना काठीच्या नळीचा व्यास मोजून घ्या. सैल रबर ओल्या फरशीवर निसटतं.

शंकासुर

मोजली. मनगटाच्या घडीपेक्षा चांगली चार बोटं उंच निघाली. भोकं दोन आहेत खाली, एक पुरेल?

मुक्तछंदा

भोकांमधलं अंतर बहुतेक काठ्यांत अडीच सेंमीच्या आसपास असतं आणि चार बोटं म्हणजे सात सेंमी तरी. दोन्ही उतरवा, बूट घालून परत मोजा, तरी उंच राहिली तर छोट्या मापाची काठी. आणि भोकातली कळ टक् आवाज करून पूर्ण बाहेर आली का ते बोटाने चाचपा, मगच वजन टाका.